उजवी बाजू सासरची

माझ्या लेकीला चपला घ्यायच्या म्हणजे एका वेळी दोन जोड घ्यावे लागत. उजव्या पायाला मोठा नंबर, डाव्याला एक नंबर लहान. बोईसर स्टेशनसमोरच्या दुकानदाराला पहिल्या खेपेला वाटलं, ही बाई घासाघिशीचा काहीतरी नवा प्रकार काढून आली आहे. मग त्याने पोरीला स्टुलावर बसवलं, दोन्ही तळवे स्वतः जुळवून पाहिले आणि आतून दुसरं खोकं घेऊन आला. तेव्हापासून आम्ही दिसलो की तो न विचारता दोन खोकी काढायचा. उरलेल्या विजोड चपला मी घरी आणून एका पिशवीत टाकत असे. फेकून द्यायला जीव होत नव्हता, आणि असेच पाय असलेली, तेही उलट बाजूंचे, दुसरी मुलगी अख्ख्या पालघर-बोईसरात मिळेल अशी आशा मला नव्हती. सासूबाईंना होती. त्या म्हणायच्या, ठेव, कोणीतरी निघेल.

फरक नुसत्या पावलाचा नव्हता. उजवी पोटरी, उजवी मांडी, नीट पाहिलं तर उजवा हातसुद्धा डाव्यापेक्षा जरा भरलेला. फ्रॉक घालून अंगणात पळताना कोणाच्या लक्षात येत नसे. आंघोळीला पाटावर उभी केली की दिसायचं. आता एवढं उघड दिसत असताना आम्ही ते डॉक्टरला का विचारलं नाही, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. विचारायचं कशाला? उत्तर आमच्याकडे आधीच तयार होतं.

माझं सासर सांगलीकडचं. तिकडची माणसं उंचनिंच, हाडापेराने दणकट. घरात दोन पिढ्या तालमीत गेलेल्या. नवरा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत तारा ओढायच्या कारखान्यात लागला तेव्हा त्याच्या मापाचे सेफ्टी बूट गोदामात नव्हते, ते मागवून घ्यावे लागले. ही गोष्ट सासूबाई मेडल मिळाल्यासारखी सांगत. माझं माहेर केळव्याचं, नारळी-पोफळीच्या वाडीतलं. आमच्यात सगळेच चणीने लहान. माझे वडील साठी ओलांडल्यावरही स्वतः माडावर चढत, आणि जाड माणसाला ते कधी जमलंय? सांगलीचा पहिलवान आणि केळव्याची पोफळ यांचं लग्न कसं जमलं तो वेगळा तमाशा आहे. माझा भाऊ त्याच कारखान्यात होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

तर लेक जन्मली आणि बारशाच्या आधीच दोन्हीकडच्या बायकांनी तिची वाटणी सुरू केली. नाक तुमचं, कपाळ आमचं. हनुवटीवरून जरा बोलाचाली झाली, पण ती मिटली. वर्षभरात उजवा पाय डाव्याहून मोठा दिसायला लागला तेव्हा सासूबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी निकाल दिला की उजवी बाजू सासरची, डावी माहेरची. माझी आई काही कमी नव्हती. ती म्हणाली, बाईमाणसाची डावीच बाजू शुभ, डावाच डोळा लवायला हवा, म्हणून देवाने डावी आम्हाला दिली. दोघी आपापल्या जागी खूश. हा विनोद आमच्या घरात इतका रुळला की शेजारपाजारचे लोकही पोरीला विचारत, आज कोणाकडच्या पायाने उडी मारलीस?

संध्याकाळी तेल लावायचं असे तेव्हाही हा नियम चाले. सासूबाई गावाहून आल्या की वाटीत तेल कोमट करून बसत आणि उजव्या पायापासून सुरुवात करत. निम्म्याहून जास्त तेल तिथेच जिरायचं. माझी आई आली की डाव्यापासून. मधल्या काळात मी होते, माझ्याकडे दोन्ही पाय यायचे. माझ्याकडे वेळ कमी आणि तेलही कमी. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, बघू. कुठल्याही प्रश्नावर त्याचं हेच उत्तर असे, खोलीचं भाडं वाढलं तरी आणि शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी.

मुलगी मात्र खायची नाही. दोन घास झाले की तोंड फिरवायची. सासूबाई ताटावर बसून 'खा, खा' करत राहायच्या. मी म्हणायची, पुरे, पोटात जागा नसेल. त्यावरून आमचं कायम वाजायचं. शेवटी माझ्या आईने केळव्याच्या देवीला नवस बोलला, की पोरीच्या अंगाला मांस लागू दे, तिच्या वजनाचे नारळ वाहीन. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. नारळ घरचेच असतात, त्यामुळे नवस बोलताना माणूस फार मागेपुढे पाहत नाही.

आणि देवीने ऐकलं. लेकीला चौथं वर्ष चालू असताना तिचं पोट सुटायला लागलं. परकराची नाडी पूर्वी कमरेला दोन वेढे घेऊन बांधायची मी, ती एका वेढ्यावर आली. उजवी कूस गोल दिसायला लागली. हातपाय तसेच बारीक होते, पण आम्हाला कुठे सगळं बघायचं होतं. सासूबाईंना पत्र गेलं, त्या लगोलग हजर. दारातच त्यांनी नातीला उचलली, हातात तोलली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता कुठं पोरगी आमच्या वळणावर चाललीया."

मला ते लागलं. खोटं कशाला बोलू, मला रागच आला. नऊ महिने मी वागवायची, रात्री मी जागायच्या आणि चार किलो मांस चढलं की ती तुमच्या वळणावर. पण बोलणार काय, आरशात मीही बघत होते. मी उभी राहिले तर पोफळीचा सोट, आणि त्या उभ्या राहिल्या तर दार अडायचं.

नवस फेडायला आम्ही केळव्याला गेलो. देवळात गर्दी होती म्हणून पोरीची तुला आमच्या वाडीतच करून नारळ तिकडे न्यायचे असं ठरलं. सुपारी तोलायचा मोठा तराजू वडिलांनी आंब्याच्या फांदीला टांगला. एका पारड्यात लेक, दुसऱ्यात नारळ. सासूबाई होत्याच, सांगलीहून दीरही आले होते. आमच्याकडचा भाऊ होता, वाडीत कामाला येणाऱ्या बायका कडेला उभ्या होत्या. एकेक नारळ पडत होता आणि काटा हलत नव्हता. सासूबाई प्रत्येक नारळाला मान डोलवत होत्या, त्यांच्या पहिलवानाने कुस्ती मारल्यासारख्या. शेवटी पारडी सम झाली. सगळ्यांना आनंद झाला. पोरगी मात्र मुसमुसत होती. पारड्याची कड पोटात रुतत असेल म्हणून मी पुढे झाले आणि तिला उचलायला एक हात काखेत आणि दुसरा कुशीखाली घातला.

माझ्या हाताला दगड लागला.

म्हणजे मला आधी खरंच वाटलं, तिने परकरात काहीतरी लपवलंय. वाडीत फिरताना काय काय गोळा करायची तिला सवय होती. मी परकर चाचपला, काही नव्हतं. ते आत होतं. उजव्या बरगडीच्या खाली, घट्ट, गुळगुळीत, माझ्या मुठीपेक्षा मोठं. पोट सुटलेलं नव्हतं. कुणीतरी आत बसलं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं. आई म्हणाली, पोट साफ झालं नसेल, हरड उगाळून देते. दीर म्हणाले, वहिनी, पहिल्यांदाच पोर अंगाने भरलीय, तुम्हाला भरलेलं पोर माहीत नाही. भाऊ हसला. सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि त्या म्हणाल्या, आमच्याकडे सगळ्यांची पोटं अशीच टणक असतात. नारळ देवळात गेले, प्रसाद वाटला गेला. नवऱ्याकडे मी पाहिलं. तो म्हणाला, "आता बघू-बिघू नको. उद्याच दाखवू." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा या माणसाने 'बघू'च्या पुढे एक शब्द टाकला होता, आणि त्यानेच मला कळलं, हे साधं नाही.

बोईसरच्या आमच्या डॉक्टरांनी पोटावर बोटं टेकवली आणि लगेच काढून घेतली. मग आम्हाला सांगितलं की आता हे कोणीही दाबून बघायचं नाही, तुम्ही नाही, आजी नाही, शेजारी नाही. आदल्या दिवशी वाडीतल्या प्रत्येक माणसाने ते दाबून पाहिलं होतं. काही बायकांनी दोनदा. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि आम्ही मुंबईला गेलो.

मूत्रपिंडात गाठ होती. लहान मुलांना होणारा मूत्रपिंडाचा कॅन्सर, असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. लहान मुलांना कॅन्सर होतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या समजुतीप्रमाणे तो तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्यांना व्हायचा, आणि तोही सिनेमात. ते म्हणाले, लवकर आणलंत, फुटलेली नाही, उजवं मूत्रपिंड गाठीसकट काढू, मग बरेच महिने इंजेक्शनं. माणूस एका मूत्रपिंडावर नीट जगतो. मग त्यांनी तिला कॉटवर आडवी केली, दोन्ही पाय सरळ धरले आणि विचारलं, हा फरक पहिल्यापासून आहे का? आम्ही हो म्हटलं. ते म्हणाले, एक बाजू मोठी असलेल्या मुलांमध्ये ही गाठ होण्याची शक्यता जास्त असते, अशा मुलांचं पोट वरचेवर तपासायचं असतं. आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं का? सांगणार कोण? उजवी बाजू सासरची, हे सोडून त्या पायाबद्दल आमच्या घरी दुसरं काही बोललंच गेलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठीचं वजन ऐकून माझ्या आईला वेगळीच चिंता पडली. देवीला गेलेल्या नारळांत गाठीच्या वजनाचेही नारळ गेले, आता ते चालतील का? तिने गुरवाला विचारलं. तो म्हणाला, देवी परत करत नाही.

मग इंजेक्शनं. केस गेले, भुवया गेल्या. शटल गाडीने विरार, तिथून लोकलने मुंबई, आणि परत येताना ती माझ्या मांडीवर ओकत यायची. हे मी थोडक्यात सांगते आहे कारण यात सांगण्यासारखं काही नाही, नुसतं भोगण्यासारखं होतं. ती मरेल असं मला रोज वाटायचं. रोज सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मी आधी तिच्या नाकापुढे बोट धरायची आणि मग चहा ठेवायची.

आणि घरात काय चाललं होतं? घरात हे कोणाकडून आलं याचा तपास चालला होता.

बाहेरच्यांचे तर्क सोपे होते. कोणी तारापूरच्या अणुवीजकेंद्राकडे बोट दाखवलं, कोणी कारखान्यांच्या नाल्याकडे, कोणी ग्रहणाकडे. मुंबईच्या डॉक्टरांना मी वीजकेंद्राचं विचारलं होतं. ते म्हणाले, जिथे असं काहीही नाही तिथूनही अशी मुलं आमच्याकडे येतात. त्यामुळे तो विषय माझ्यापुरता मिटला. पण घरचा खटला मिटत नव्हता. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या सात पिढ्यांत कोणाला गाठ झालेली नाही, सगळे ठणठणीत मेले. माझी आई म्हणायची, आमच्याकडेपण कोनाला नाय. एवढं झाल्यावर दोघी माझ्याकडे बघायच्या, कारण त्यांच्यामध्ये मीच बसलेली असायची. सांगलीच्या एका लग्नात चुलतसासूने मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की किरकोळ हाडाच्या बायका केल्या की संतती अशीच कच्ची निघते. उजवी बाजू सासरची, हे वाक्य मात्र आता कोणी काढत नव्हतं. गाठ उजवीकडेच निघाली होती, आणि तेवढ्यापुरतं उजव्या बाजूला कोणी वाली राहिला नव्हता.

लेक जगली. शाळेत जायला लागली, भांडायला लागली, केस पूर्वीपेक्षा दाट आले. आमची मुंबईची फेरी वर्षातून एकदोनदा चालूच राहिली, नुसती तपासायला. सासरे गेले आणि सासूबाई कायमच्या बोईसरला आमच्याकडे आल्या. डावा पाय आखूड असल्यामुळे पोर जरा लचकून चालते, हे त्यांनीच आधी हेरलं. मग त्यांनी ती विजोड चपलांची पिशवी काढली. जुन्या चपलांचे तळ सोडवायचे, कापायचे आणि डाव्या चपलेत आतून चिकटवून टाके मारून घ्यायचे, म्हणजे डावी बाजू उचलली जाते. मोच्याला बसल्या बसल्या शिव्या देत त्या हे करून घेत. पिशवीतल्या सगळ्या चपला कामी आल्या. कोणीतरी निघेल म्हणाल्या होत्या, ती घरातलीच निघाली.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल, लेक दहाची होत होती. तपासणीला एक नवा तरुण डॉक्टर होता, तो या गाठींवरच अभ्यास करत होता. त्याने आमची परवानगी घेऊन पोरीच्या उजव्या मांडीवरच्या कातडीचा अगदी लहान तुकडा काढला. जुन्या गाठीचा नमुना त्यांनी जपून ठेवलेला होता. आता त्याला आईवडिलांचं रक्त हवं होतं, पुढच्या खेपेला दोघं या म्हणाला.

मी हे घरी येऊन जेवताना सांगितलं, हीच चूक झाली. रक्त तपासणार म्हटल्यावर दोन्ही घराण्यांना वाटलं, आता निकाल लागणार. ठरलेल्या दिवशी त्या डॉक्टरच्या खोलीबाहेर सासूबाई होत्या, सांगलीहून रात्रीच्या गाडीने आलेले दीर होते, केळव्याहून माझी आई आणि भाऊ होते. सगळे उपाशीपोटी, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. माझ्या आईने तर जाताना देवीला नारळ फोडला होता, रक्त स्वच्छ निघावं म्हणून. डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, मला फक्त आईवडील हवेत. सासूबाईंनी आधीच पदर खांद्यावर टाकून दंड पुढे केलेला होता. माझी आई म्हणाली, "त्यांचं घेताव तर आमचंपन घ्या. नायतर कोनाचंच नको." बिचारा तरुण माणूस, त्याला कुठली भांडणं माहीत. त्याने दोघी म्हाताऱ्यांचं बोट टोचून थेंबभर रक्त घेतलं, साधी तपासणी करून आणली आणि सांगितलं, दोघींच्याही अंगात रक्त कमी आहे, पालेभाजी खा. निकाल बरोबरीत सुटला. येताना सगळे जण एकमेकांशी नेहमीपेक्षा बरे बोलत होते.

खरा निकाल बऱ्याच महिन्यांनी मिळाला. त्या वेळी मी आणि लेक दोघीच गेलो होतो. लेकीला तपासायला आत नेलं आणि डॉक्टरने मला समोर बसवून समजावलं. त्याने कागदावर काड्यांच्या जोड्या काढल्या. शरीराच्या प्रत्येक पेशीत अशा जोड्या असतात म्हणाला, जोडीतली एक काडी आईची, एक बापाची. अकराव्या जोडीच्या आखूड बाजूवर त्याने दोन ठिकाणी खुणा केल्या. मूत्रपिंड घडताना या दोन जागांचं राज्य असतं. घडून झालं की थांबा, असं सांगणं हेही यांचंच काम. हे थांबवणं जिथे बिघडतं तिथे गाठ वाढू शकते. दोन्हींपैकी टोकाकडच्या जागेची व्यवस्था चमत्कारिक आहे. तिथे 'वाढ' असं सांगणारी सूचना बापाकडच्या काडीवरून चालते आणि 'पुरे' असं सांगणारी आईकडच्या.

मी म्हटलं, हे तर आमच्या घरी रोज ताटावर चालतं. त्याला कळलं नाही, त्याने पुढे सांगितलं. तुमच्या मुलीच्या उजव्या बाजूच्या बऱ्याच पेशींत त्या जागी आईचा भाग गळाला आहे आणि बापाचाच दोनदा आला आहे. म्हणजे 'वाढ' म्हणणारे दोन, 'पुरे' म्हणणारं कोणी नाही. म्हणून ती बाजू मोठी. आणि गाठीतही तेच सापडलं. मी विचारलं, मग हे आलं कुणाकडून? तो म्हणाला, कुणाकडूनच नाही. तुमच्या दोघांच्या रक्तात काही दोष नाही. पोटात गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांत पेशी दुप्पट होताना नक्कल करण्यात चूक झाली. तुम्ही काही खाल्लं म्हणून नाही, केलं म्हणून नाही. सगळ्याच गाठींत असंच असतं असंही नाही, आम्हालाही अजून पुरतं उमगलेलं नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

मला त्या खुर्चीत रडू आलं. दोष नाही हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते मला तेव्हा कळलं. पण डोळे पुसून होईपर्यंत दुसरंही काही कळलं होतं, आणि ते फार गोड होतं. उजवी बाजू खरोखरच सासरची होती. आमच्या घरातल्या दोन अडाणी म्हाताऱ्यांनी पोर वर्षाची असताना केलेली वाटणी मुंबईच्या प्रयोगशाळेने शिक्का मारून परत दिली होती. फक्त एक गोष्ट सासूबाईंना माहीत नव्हती, की तिथे त्यांचं जास्त झालं म्हणून गाठ झाली, आणि माझं असतं तर ती अडली असती. किरकोळ हाडाची बाई म्हणे.

विरारपासून बोईसरपर्यंत मी वाक्यं जुळवत आले. सफाळे गेलं, केळवे रोड गेलं, पालघर गेलं. चुलतसासूचं नाव घेऊन एक वाक्य होतं, नारळांवरून एक होतं. लेक खिडकीशी झोपली होती.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाई ओट्यावर बसून जुन्या चपलेचा तळ कापत होत्या. लेक आत दप्तर उघडून बसली. मी तिथेच त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं, काड्यांसकट. सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. या बाईने माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकल्याची ही पहिलीच वेळ असावी.

"मंजी त्या अंगाला आमचंच दोनदा," त्या म्हणाल्या. "तुझं काईच न्हाई."

"त्या एका जागेपुरतं."

"आन् काढून टाकलं ते उजवंच."

"उजवंच," मी म्हटलं. आता माझी पाळी होती. वाक्यं तोंडाशी आली होती.

त्यांनी कापलेला तळ हातात उलटासुलटा केला. आत लेक मोठ्याने पाढे म्हणत होती. मग रेशनच्या रांगेत शेवटी उभा राहिलेला माणूस काही उरलंय का म्हणून विचारतो तशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "ऱ्हायलेल्या बाजूला आमचं काय हाय का न्हाई गं?"

विरारपासून जुळवलेली सगळी वाक्यं तयार होती. एकही मी काढलं नाही. मला त्यांची दया आली असं नाही. मला तेव्हा दिसलं की ही बाई इतकी वर्षं हाच एक प्रश्न विचारत होती, फक्त ओरडून. आणि मीही तोच विचारत होते. पोर आपल्यातली आहे की नाही, एवढंच.

"आहे की," मी म्हटलं. "निम्मं तुमचं, निम्मं माझं. ज्याच्यावर ती जगते ते मूत्रपिंड त्याच बाजूचं आहे."

"मग बरं हाय," त्या म्हणाल्या आणि कात्री उचलली.

जेवणाआधी त्यांनी वाटीत तेल कोमट केलं आणि नातीला हाक मारली. ती येऊन सवयीने उजवा पाय पुढे करून बसली. सासूबाईंनी तो बाजूला सारला आणि डावा मांडीवर घेतला. अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत, मग मांडी, मग पुन्हा खाली पावलाकडे, सावकाश. वाटीतलं तेल डाव्या पायालाच संपलं. उजव्याला मी लावलं.